ओळ चौदावी, चूक तेरावी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



माझं सगळं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं. पुण्यातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मी प्रुफं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, विरामचिन्हं हाच माझा संसार. अशा माणसाला संगणकाच्या भाषेबद्दल बोलायला बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं. पण ज्या विरामचिन्हांच्या जिवावर मी पोट भरलं, त्यांतल्याच एका अर्धविरामानं निवृत्तीनंतर मला तीन रात्री झोपू दिलं नाही. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझी मोठी बहीण, आमची ताई, कोकणातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होती. १९८१ सालापासून ती अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजते आणि वहीत लिहून ठेवते. नुसता आकडा नाही. ओढ्याला पाणी कधी आलं, कुणाच्या शेतात लावणी झाली, साकव कधी वाहून गेला, पहिला काजवा कधी दिसला, असं दोन-चार ओळींत सगळं. २००८ पर्यंत अशा अठ्ठावीस वह्या झाल्या होत्या. दोन वह्यांना वाळवी लागली, तेव्हा आम्ही सगळे हबकलो. माझ्या भाच्यानं ठरवलं की या नोंदी इंटरनेटवर ब्लॉगच्या रूपात चढवायच्या. त्यानं वर्डप्रेस बसवून दिलं, एक फुकट मिळणारी सुबक थीम लावली, मला टंकलेखनाचं काम दिलं आणि नोकरीसाठी तो परदेशी गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मामा, नोंदी टाइप कर, पण थीमच्या फाइलींना हात लावू नकोस."

आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरात हात घातलेल्या माणसाला असं सांगून चालेल का? त्या पानावर ताईच्या मराठी नोंदी आणि त्यांच्या भोवती सगळीकडे इंग्रजी शब्द. तारखेच्या आधी इंग्रजी, अभिप्रायाच्या जागी इंग्रजी, उजवीकडच्या पट्टीत इंग्रजी. ताईचं पान ताईच्या भाषेत दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. मी हात लावला.

थीम म्हणजे काय, हे मी छापखान्याच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे लग्नसराईत पत्रिकांचे साचे तयार असायचे. वर गणपती, मध्ये वधूवरांची नावं, खाली मुहूर्त आणि स्थळ. साचा तोच, नावं बदलायची. वर्डप्रेसची थीम हा तसा साचा आहे. मजकूर, म्हणजे ताईच्या नोंदी, दुसरीकडे डेटाबेस नावाच्या कपाटात असतो. कुणी पान उघडलं की सर्व्हरवर बसलेला एक कंपोझिटर साचा घेतो, कपाटातून नोंद काढतो, योग्य जागी बसवतो आणि तयार पान ब्राउझरकडे पाठवतो. त्या कंपोझिटरला कामाच्या सूचना ज्या भाषेत दिलेल्या असतात, ती भाषा म्हणजे पीएचपी.

या भाषेचा जन्मही माझ्यासारख्याच घरगुती गरजेतून झाला. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणानं १९९४च्या सुमारास स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही छोटी साधनं लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. 'पर्सनल होम पेज' या शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पीएचपी. पुढे इस्राएलमधल्या अँडी गुटमान्स आणि झीव सुरास्की या दोघांनी तिचा गाभा नव्यानं लिहिला आणि १९९८ साली तिची तिसरी आवृत्ती आली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बी-टू' नावाच्या एका जुन्या प्रणालीवरून तयार केलेलं वर्डप्रेस २००३च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालं, तेही याच भाषेत. म्हणजे एका माणसाच्या घरच्या पानासाठी केलेली अवजारं माझ्या ताईच्या पावसापर्यंत येऊन पोचली होती.

पहिली ठेच

मी हेडरची फाइल उघडली. तेराव्या ओळीवर 'इको' हा शब्द होता. पीएचपीमध्ये 'इको' म्हणजे 'पुढचं छापून दाखव'. त्यापुढचे इंग्रजी शब्द पुसून मी 'पावसाची नोंद' असं लिहिलं, फाइल साठवली आणि पान उघडलं. पान गायब. एका ओळीचा इंग्रजी संदेश तेवढा उरला. अनपेक्षित 'इको', चौदावी ओळ.

मी चौदावी ओळ वाचली. दहादा वाचली. तिला मी हातही लावला नव्हता. ती ओळ पुसून पुन्हा तश्शी लिहिली. काही फरक नाही. तिसऱ्या रात्री कंटाळून मी तो संदेश प्रूफ वाचतात तसा, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की इथे स्वल्पविराम किंवा अर्धविराम अपेक्षित होता. तेव्हा कुठे डोळे वर गेले. तेराव्या ओळीच्या शेवटी असलेला अर्धविराम मी इंग्रजी शब्दांबरोबर पुसून टाकला होता!

पीएचपीच्या लेखी ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं, असं नाही. वाक्य संपतं ते अर्धविरामानं. तो दिसेपर्यंत ती पुढे वाचत जाते. तेरावी ओळ संपली, अर्धविराम नाही, म्हणून ती चौदाव्या ओळीवर गेली. तिथे वाक्याच्या मध्येच नवा 'इको' दिसला आणि ती थबकली. जिथे थबकली, त्या जागेचा आकडा तिनं सांगितला. चूक कुठे झाली, ते तिला कळत नाही. आपलं वाचन कुठे अडलं, एवढंच कळतं. म्हणून नवशिक्यानं पहिली गोष्ट शिकायची ती ही, की सांगितलेल्या ओळीपासून वर वाचत जावं.

यात आणखी एक गंमत आहे. पीएचपीचा तुकडा जिथे संपतो, तिथे प्रश्नचिन्ह आणि कोनी कंस असं बंद करण्याचं चिन्ह असतं. त्याच्या लगेच आधीचा अर्धविराम राहिला तरी चालतं. त्यामुळे काही ठिकाणी अर्धविराम नसतानाही काम होतं आणि नवख्या माणसाला वाटतं की हे चिन्ह ऐच्छिक आहे. मलाही तसं वाटलं होतं.

या संदेशांना घाबरू नये. त्यांत चारच गोष्टी असतात. चुकीचा प्रकार, कारण, फाइलीचं नाव आणि ओळीचा आकडा. कारण कधी कधी विचित्र भाषेत असतं, हे मान्य. कित्येक वर्षं एका विशिष्ट चुकीच्या संदेशात 'पामायिम नेकुदोतायिम' असे शब्द येत आणि जगभरचे शिकाऊ लोक डोकं धरून बसत. ते हिब्रू शब्द आहेत. अर्थ एवढाच, की दोन अपूर्णविराम जोडून. त्या दोघा इस्राएली तरुणांनी त्या चिन्हाला आपल्या भाषेतलं नाव दिलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत ते चिन्हच संदेशात दिसू लागलं. मला मात्र त्या शब्दांनी धीर दिला. म्हटलं, हे लिहिणारीही माणसंच आहेत आणि त्यांनाही आपल्या भाषेची ओढ आहे.

कंस आणि अवतरणं

दुसरी चूक कंसाची. 'अशी परिस्थिती असेल तर एवढं कर' अशी सूचना लिहिताना ते 'एवढं' महिरपी कंसांत बांधतात. उघडलेला कंस मिटायचा राहिला, तर २०२० अखेरच्या आठव्या आवृत्तीआधीची पीएचपी तो शोधत फाइलीच्या तळापर्यंत जात असे आणि 'फाइल अनपेक्षितपणे संपली' एवढंच सांगत असे. ओळीचा आकडा शेवटच्या ओळीचा असे. तिथे चूक नसतेच. थीमच्या फाइलींत महिरपी कंसाऐवजी 'इफ' आणि 'एंड-इफ', 'व्हाइल' आणि 'एंड-व्हाइल' अशा शब्दांच्या जोड्याही असतात. त्यांतला एखादा पुसला गेला, तरी हाच प्रकार. उपाय जुनाच आहे. कंस उघडला की लगेच मिटायचा आणि मग मधला मजकूर लिहायचा. डबा आणि झाकण एकदमच कपाटातून काढावं, तसं.

तिसरी चूक फक्त मुद्रितशोधकच करू शकतो. टाइपरायटरवरची सरळ अवतरणचिन्हं पाहिली की आमचा हात शिवशिवतो. छापील मजकुरात ती वळणदार हवीत, उघडणारं वेगळं आणि मिटणारं वेगळं. मी फाइलीतला तुकडा पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला, त्यानं आपणहून सगळी अवतरणं वळवली आणि मला ती फार शोभून दिसली. पीएचपीला ती ओळखूच आली नाहीत. तिला सरळ अवतरण लागतं. वळणदार चिन्ह ती अवतरण मानत नाही, एखाद्या नावातलं अक्षर समजते. इंग्रजी मुळाक्षरांपलीकडची चिन्हं नावात चालतात, असा तिचा नियम आहे. त्याच नियमामुळे डॉलरच्या चिन्हापुढे देवनागरीत 'पाऊस' असं चलाचं नाव दिलं, तर ते मात्र चालतं! दुसरीकडून उचलून आणलेला तुकडा चालत नसेल, तर आधी त्याची अवतरणं तपासावीत. छापण्यासाठी नटवलेल्या मजकुरातून उचललेल्या कोडमध्ये हा दोष हमखास असतो.

न दिसणारी तीन अक्षरं

चौथी चूक खास आपली, देवनागरी लिहिणाऱ्यांची आहे. उजव्या पट्टीची शीर्षकं 'फंक्शन्स डॉट पीएचपी' नावाच्या फाइलीत होती. ती मी मराठीत केली आणि विंडोजसोबत येणाऱ्या नोटपॅडमध्ये साठवली. पहिल्यांदा साठवताना 'अन्सी' हा पर्याय तसाच राहिला, तेव्हा पानावर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. जुन्या पद्धतीच्या त्या संकेतनात देवनागरीला जागाच नाही. मग युनिकोडचा 'यूटीएफ-आठ' हा पर्याय निवडला. मराठी छान दिसू लागलं. पण पाठोपाठ दुसरंच संकट आलं. प्रवेशाच्या पानावर नाव-संकेतशब्द घातला, तर आत जाता येईना. संदेश आला की 'हेडर आधीच पाठवले गेले आहेत' आणि सुरुवात कुठे झाली, तर त्या फाइलीच्या पहिल्या ओळीवर.

पहिल्या ओळीवर पीएचपी सुरू करण्याच्या चिन्हाशिवाय काहीच नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं. भाच्याला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. त्या काळी नोटपॅड यूटीएफ-आठ फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण लिहीत असे. ही फाइल कोणत्या संकेतनात आहे, ते सांगणारी ती खूण. माणसाला ती दिसत नाही. पण पीएचपीच्या दृष्टीनं तो मजकूर असतो आणि सुरू करण्याच्या चिन्हाआधीचा मजकूर ती जसाच्या तसा छापून मोकळी होते.

यानं बिघडतं काय? सर्व्हर ब्राउझरला आधी पाकीट पाठवतो आणि मग पत्र. पाकिटावरच्या सूचना म्हणजे हेडर. 'हा मनुष्य ओळखीचा आहे, त्याला आत घ्या' ही चिठ्ठी, म्हणजे कुकी, पाकिटावरच लिहावी लागते. पत्राचं एक अक्षर जरी आधी बाहेर पडलं, तरी पाकिटावर लिहायची वेळ निघून गेलेली असते. त्या तीन अदृश्य बाइटांनी पत्र सुरू करून टाकलं होतं. फाइलीच्या शेवटी, बंद करण्याच्या चिन्हानंतर राहिलेल्या रिकाम्या ओळीही हाच घोळ करतात. म्हणून ज्या फाइलीत निव्वळ पीएचपी असते, तिच्या अखेरीचं बंद करण्याचं चिन्ह मुळात लिहीतच नाहीत.

मी खूण न ठेवणारा दुसरा संपादक प्रोग्रॅम घेतला आणि आत शिरलो. विंडोज दहाच्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅडही आपणहून ती खूण लिहीत नाही. तरी जुन्या फाइलींत ती अजून दडलेली असते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ती फारशी भेटत नाही. आपण मराठी लिहायला गेलो की भेटते.

जी चूक ओरडत नाही

आतापर्यंतच्या चुका ओरडणाऱ्या होत्या. आता मुक्या चुकीबद्दल.

पीएचपी आणि वर्डप्रेस शिकताना एक जोडी फार गोंधळ घालते. 'द टायटल' म्हटलं की शीर्षक तिथल्या तिथे छापलं जातं. 'गेट द टायटल' म्हटलं की शीर्षक नुसतं आपल्या हातात येतं. ते छापायचं असेल, तर पुढे 'इको' लावावा लागतो. पहिला घोषणा करतो, दुसरा चिठ्ठी हातात देतो. चिठ्ठी घेऊन नुसतं उभं राहिलं, तर पानावर काहीच दिसत नाही. संदेशही येत नाही, कारण काही चुकलेलंच नसतं.

तारखेचं याहून वाईट. थीममध्ये तारखेसाठी 'द डेट' असं फंक्शन वापरलेलं होतं. मला ते पुरेसं वाटलं. काही महिन्यांनी मी २००५ सालच्या वहीवर आलो. २६ जुलै २००५ म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. कोकणातही त्या दोन-तीन दिवसांत दरडी कोसळल्या, माणसं गेली. ताईच्या वहीत त्या तारखेच्या दोन नोंदी आहेत, एक सकाळची आणि एक रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेली. दोन्ही मी चढवल्या. चार दिवसांनी ताईचा फोन आला. "अरे, रात्रीच्या नोंदीला तारीखच नाही. तारखेशिवाय पावसाला काय अर्थ?"

मी पाहिलं, तर खरंच नव्हती. 'द डेट' हे फंक्शन यादीत लागोपाठ येणाऱ्या एकाच दिवसाच्या नोंदींपैकी पहिलीलाच तारीख छापतं आणि बाकीच्यांना गाळतं. तो दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. दिनांकाखाली दिवसभराच्या नोंदी मांडणाऱ्यांसाठी ती उपयोगी आहे. प्रत्येक नोंदीला तारीख हवी असेल, तर 'गेट द डेट' घेऊन 'इको' करावं लागतं. मी ते न वाचता गृहीत धरलं होतं. नंतर सगळी पानं धुंडाळली, तेव्हा अशा बिनतारखेच्या अनेक नोंदी सापडल्या. संगणक आपण सांगतो तेच करतो. आपल्याला काय म्हणायचं होतं, ते त्याला माहीत नसतं.

पांढरं पान

यापुढची चूक सर्वांत मोठी. थीमची नवी आवृत्ती आली, तेव्हा पडद्यावर बटण दिसलं आणि मी ते दाबलं. क्षणात दोन वर्षांची माझी सगळी मराठी पुसली गेली. नवीन आवृत्ती म्हणजे नव्या फाइली, जुन्यांवर टाकलेल्या. मी मूळ साच्यावरच खोडाखोड केली होती आणि साचाच बदलला.

त्यावरचा मार्ग म्हणजे चाइल्ड थीम. मूळ थीमला हात न लावता शेजारी एक वेगळी लहान थीम करायची. तिच्या स्टाइलच्या फाइलीत मूळ थीमचं नाव लिहायचं आणि जी फाइल बदलायची, तेवढीच तिच्यात ठेवायची. वर्डप्रेस आधी तिच्यात पाहतं, न मिळाली तर मूळ थीमकडे जातं. मूळची कितीही नवी आवृत्ती आली, तरी आपलं काम सुरक्षित. शिवाय नीट लिहिलेल्या थीममध्ये दर्शनी शब्द भाषांतरासाठी वेगळ्या वेष्टणात ठेवलेले असतात. अशा वेळी साच्याची फाइल न उघडता भाषांतराच्या फाइलीतून मराठी देता येते. हे मला आधी कळतं, तर निम्मी गोष्ट घडलीच नसती.

मी उत्साहानं चाइल्ड थीम केली आणि मूळच्या सगळ्या फाइली तिच्यात उतरवल्या, 'फंक्शन्स' फाइलीसकट. पान उघडलं, तर कोरं. संदेश नाही, ओळीचा आकडा नाही, शुभ्र पांढरा पडदा. प्रवेशाचं पानही तसंच. तेवढ्यात ताईचा फोन. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "माझा पाऊस गेला का रे?"

त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाइप करून झालेल्या वह्या मी नीट बांधून माळ्यावर टाकल्या होत्या, त्यांतल्या काहींना पुन्हा वाळवी लागलेली. घशाला कोरड पडली.

भाच्यानं फोनवर पहिलंच वाक्य सांगितलं, "मामा, नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. थीम मोडली तरी त्यांना काही होत नाही." हे वाक्य मी आज तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण पांढरं पान पाहून घाबरलेली माणसं घाईत सगळंच पुसून नव्यानं बसवायला जातात आणि मग खरोखर नुकसान होतं. पत्रिकेचा साचा मोडला म्हणून वधूवर नाहीसे होत नाहीत.

पान पांढरं का होतं? चूक झालेलीच असते, पण पाहुण्यांना ती दिसू नये म्हणून सर्व्हरवर संदेश दाखवणं बंद ठेवलेलं असतं. वर्डप्रेसच्या मांडणीच्या फाइलीत 'डीबग' अशी एक खूण आहे. ती 'फॉल्स'ची 'ट्रू' केली आणि संदेश बाहेर आला, की तेच फंक्शन दुसऱ्यांदा जाहीर करता येत नाही. कारण असं, की चाइल्ड थीममधली इतर कोणतीही फाइल मूळ फाइलीच्या जागी वापरली जाते, पण 'फंक्शन्स' फाइल तेवढी अपवाद. तिथे दोन्ही फाइली वाचल्या जातात. मी मूळचीच प्रत ठेवल्यामुळे प्रत्येक फंक्शन दोनदा आलं. एका हजेरीपटात एकच नाव दोनदा लिहिल्यासारखं. चाइल्ड थीमच्या त्या फाइलीत फक्त आपली नवी भर घालायची असते. मी फाइल रिकामी केली, चार ओळींची भर ठेवली आणि ताईचा पाऊस परत आला. काम झाल्यावर 'डीबग' पुन्हा बंद केलं, हेही सांगून ठेवतो. आपल्या घरातली भांडणं पाहुण्यांसमोर नकोत.

आजचे शिकाऊ

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता काम पुष्कळ सोपं झालं आहे. २०१७ पासून वर्डप्रेसच्या आतल्या संपादकात चुकीची पीएचपी साठवली, तर पान कोसळण्याआधी तो बदल मागे घेतला जातो. २०१९ पासून मोठी चूक झाली की मालकाला ई-मेलनं कळवलं जातं आणि आत शिरायला एक खास दुवा मिळतो. २०२२ च्या आरंभापासून अशा थीम आल्या की पानाचा बराचसा भाग पीएचपीला हात न लावता, ठोकळे इकडून तिकडे सरकवून मांडता येतो.

तरी गरज संपलेली नाही. भाषा बदलत राहते. २०१५ अखेरच्या सातव्या आणि २०२० अखेरच्या आठव्या आवृत्तीत काही जुनी फंक्शनं काढून टाकली गेली. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसली की वर्षानुवर्षं चाललेली थीम एका रात्रीत थांबते आणि मालक म्हणतो, मी तर कशालाच हात लावला नाही! शिवाय हल्ली संगणकाला विचारलं की तोच कोड लिहून देतो. अवश्य घ्यावा. पण तो चिकटवण्याआधी एकदा वाचावा. कुणाच्या तरी हातचं प्रूफ न वाचता छपाईला सोडायचं नसतं, मग ते कितीही मोठ्या लेखकाचं असो.

जाता जाता माझे चार नियम. बदल करण्याआधी फाइलीची आणि डेटाबेसची प्रत काढून ठेवायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच पान पाहायचं. दहा बदल एकदम केले, तर चूक कोणत्या बदलात आहे, ते शोधण्यात रात्र जाते. संदेश पूर्ण वाचायचा आणि सांगितलेल्या ओळीच्या वर पाहायचं. आणि जुनी ओळ पुसायची नाही. तिच्या आधी दोन तिरप्या रेघा द्यायच्या. पीएचपी ती वाचत नाही, पण आपल्याला ती दिसत राहते.

हा शेवटचा नियम मी ताईकडून उचलला. तिच्या वह्यांत एकही आकडा रबरानं खोडलेला नाही. चुकीचा आकडा असेल, तर त्यावर एक रेघ आणि शेजारी बरोबर आकडा, कधी सुधारला त्या तारखेसह. मी एकदा विचारलं, "असं का ग?" ती म्हणाली, "चूक झाली होती, हीसुद्धा नोंदच आहे."

ताईचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. पर्जन्यमापक अजून अंगणात आहे. पावसाळ्यात रोज सकाळी तिचा फोन येतो, ती आकडा सांगते, मी टाइप करतो. मग ती पान उघडून तपासते आणि पुन्हा फोन करते. बहुतेक दिवशी काही चुकलेलं नसतं. तरी ती तपासतेच.